सिंधूच्या जात्यापाशी

शहापूर-मुरबाडकडच्या गावांत जुन्या माणसांच्या तोंडी 'प्रेम' हा शब्द फारसा येत नाही. तो सिनेमातला शब्द, फार तर लग्नपत्रिकेतला. घरात असते ती माया. नातवाला आजीचा लळा लागतो. बहिणीचा भावावर जीव असतो. सासरी गेलेल्या मुलीला माहेरची ओढ असते. एखाद्या पोरानं कुणापायी खाणंपिणं सोडलं, तर त्याला तिचा नाद लागला म्हणतात. दारूचाही नादच लागतो. त्यासाठी निराळा शब्द नाही.

या प्रत्येक शब्दाचं वजन वेगळं आहे. माया वरून खाली वाहते, थोराकडून धाकट्याकडे. लळा लागायला सहवास हवा. जीव लावणारा परतफेडीचा हिशेब मांडत नाही. ओढ म्हटली की मधे अंतर आलं. आणि नादात माणूस स्वतःच्या ताब्यात राहत नाही. जुन्या ग्रीकांनीही या भावनेला एकाच नावात कोंबलं नव्हतं. देहाची ओढ म्हणजे इरॉस, मित्रांमधला स्नेह म्हणजे फिलिया, आईबापांची माया म्हणजे स्टोर्गे, निरपेक्ष प्रेम म्हणजे अगापे, असे त्यांचे शब्द. आपल्या आज्यांनी ग्रीकांचं नावही ऐकलं नव्हतं, तरी हा फरक त्यांना बोलता बोलता कळत होता.

मराठी रंगभूमीवरच्या एका नाटकात ही सगळी प्रेमं एकाच घराभोवती गोळा होतात, आणि त्यांतलं एकही त्या घराला वाचवू शकत नाही. ते नाटक म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'.

आमच्या भागातल्या माणसाला गडकऱ्यांचं नाव जाता-येता दिसतं. मुरबाडची एसटी कल्याणला येते, तिथे आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. आसनगावहून सुटलेली लोकल पुढे ठाण्याला थांबते, तिथे तलावपाळीच्या काठी 1978 पासून राम गणेश गडकरी रंगायतन उभं आहे. अत्रे गडकऱ्यांना गुरू मानत, म्हणजे गुरू आणि शिष्य एकाच रेल्वेमार्गावर नांदतात. गडकरी स्वतः मात्र फार थोडं जगले. 26 मे 1885 ला नवसारीत जन्म, 23 जानेवारी 1919 ला नागपूरजवळच्या सावनेरला मृत्यू. वय अवघं 33. गंधर्व नाटक मंडळीनं 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्याला केला तो 20 फेब्रुवारी 1919 रोजी, लेखक जाऊन चार आठवडे झाले होते तेव्हा. नाटकातली पदंसुद्धा त्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. सुधाकर झाले गणपतराव बोडस आणि सिंधू झाले बालगंधर्व. ज्यांच्या भरजरी शालूंची नक्कल घरंदाज बायका करत, ते बालगंधर्व या नाटकात ठिगळं लावलेल्या लुगड्यात जात्यापाशी बसले.

कथा थोडक्यात अशी. सुधाकर हा गरिबीतून स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला तरुण वकील. हुशार, तापट आणि कमालीचा मानी. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, काही काळासाठी सनद जाते, आणि हा अपमान त्याला सोसवत नाही. त्याचा कारकून तळीराम पक्का दारूबाज. दुःख विसरायला एकच प्याला घ्या, असं तो सुचवतो. मग एकाचे अनेक होतात. श्रीमंत माहेरची सिंधू लोकांचं दळण दळून घर चालवू लागते. शेवटी नशेत सुधाकरच्या हातून पाळण्यातलं मूल मरतं, सिंधूवर जीवघेणा घाव बसतो, आणि तो स्वतः दारूत विष घालून पितो.

या नाटकाला आपण दारूबंदीचं नाटक म्हणतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यातला प्रवेश बसवतात तो याच हेतूनं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे असं मला मनापासून वाटतं. सोनाराच्या कसोटीवर सोनं घासावं, तशी गडकऱ्यांनी या नाटकात माणसांची प्रेमं दारूवर घासली आहेत. सिंधूचं प्रेम, रामलालचं, पद्माकरचं, भगीरथाचं, गीताचं. प्रत्येकाचा कस वेगळा उमटतो. आणि नाटक संपल्यावर मनात उरतं ते कोडं दारूचं नसतंच. इतकी माणसं या घरावर जीव टाकत होती, तरी ते घर का बुडालं, हे ते कोडं आहे.

सुधाकरपासून सुरुवात करू. त्याचं सिंधूवर प्रेम नाही असं म्हणता येणार नाही. शुद्धीवर असताना तो तिच्यासाठी विरघळतो, दारू सोडायचा निश्चय करतो, नोकरी शोधायला बाहेर पडतो. पण त्याहून जुनं आणि खोल रुजलेलं त्याचं एक प्रेम आहे, ते स्वतःच्या मानावर. गरिबीतून वर आलेल्या माणसाजवळ बहुधा हीच एक कमाई असते जी कुणी दिलेली नसते, त्यामुळे तिला ओरखडाही चालत नाही. पहिला प्याला त्यानं चवीसाठी घेतलेला नाही, अपमान बधिर करायला घेतला आहे. सुधारायला निघाल्यावर ज्यांच्या दारी तो जातो ती माणसं त्याला हिणवतात, आणि तो परत फिरतो तो थेट प्याल्याकडे. पुढे रामलालला तो दारुड्याच्या अवस्था समजावून सांगतो. सुटण्याची वेळ कोणती होती, ती कशी निसटली, आता का सुटणार नाही. ते भाषण ऐकताना अंगावर काटा येतो, कारण बुडणारा माणूस पाण्याची खोली अचूक सांगतो आहे. आज डॉक्टर व्यसनाला आजार म्हणतात. गडकऱ्यांनी 1919 च्या प्रेक्षकासमोर जवळजवळ तेच मांडलं होतं: कळणं आणि सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे जरा थांबून आमच्या मुलखाबद्दल बोलायला हवं. ठाणे जिल्ह्यातल्या दारूचा विषय निघाला की बोट पाड्यांकडे वळतं. ठाकूर, कातकरी, वारली, आणि मोह. बोट दाखवायची ही सवय अन्यायाची आहे. 1878 साली मुंबई इलाख्यात आबकारी कायदा झाला. गावोगावचं गाळप बंद करून मक्तेदारांमार्फत कर लावलेली दारू दुकानांतून विकायची, हे त्याचं धोरण. पुढे 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांकरता मोहफुलांसाठी खास कायदा करून ती गोळा करण्यावर आणि साठवण्यावर निर्बंध घातले गेले. जंगलातल्या माणसासाठी मोह ही केवळ दारू नव्हती. फुलं वाळवून, शिजवून तो पोटाला आधार करत असे, सणाला देवापुढे ठेवत असे. सरकारला त्यात महसूल दिसला. जे सणावारी, सगळ्यांसोबत, देवाला दाखवून घेतलं जाई, ते दुकानात रोख पैशांनी, एकट्यानं आणि रोज मिळू लागलं, तेव्हा नादाची जात बदलली. गडकऱ्यांचा सुधाकर पाड्यावरचा नाही. तो पदवीधर वकील आहे, आणि आर्यमदिरामंडळ या नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळात जमणारी माणसंही पांढरपेशीच आहेत. शिकलेल्या घराचा बुडताना आक्रोश कसा असतो, हे त्यांनी त्याच घरांतून आलेल्या प्रेक्षकांना दाखवलं. म्हणून मला हे नाटक प्रामाणिक वाटतं.

आता रामलाल. सुधाकरचा जिवलग मित्र. विलायतेहून परत येतो तो मित्राचं घर मोडकळीला आलेलं पाहायला. पैशानं, शब्दानं, धाकानं, विनवणीनं तो हे घर सावरायला धडपडतो. मैत्री म्हणजे काय, याचा तो उत्तम नमुना ठरला असता. पण गडकऱ्यांना नमुने नको होते, माणसं हवी होती. सुधाकरची बहीण शरद ही बालविधवा. तिचा सांभाळ आणि शिक्षण रामलाल स्वतःकडे घेतो, तिला मुलीसारखी मानतो. आणि तिथेच त्याच्या मायेत नकळत दुसरं काही मिसळतं. शरदचं मन भगीरथाकडे ओढ घेतंय हे दिसताच त्याच्या छातीत कळ येते, आणि ती कळ बापाची नाही हे त्याला उमगतं.

मराठी नाटकात यापूर्वी वय झालेल्या पुरुषाची तरुण मुलीवरची वासना दिसलेली होती. देवलांच्या 'संगीत शारदा'त, 1899 साली, म्हातारा भुजंगनाथ बोहल्यावर चढायला निघाला होता. पण भुजंगनाथाला प्रेक्षक हसू शकतो, त्याच्यावर चिडू शकतो. रामलालला हसता येत नाही. तो सुधारक आहे, सुसंस्कृत आहे, उपकारकर्ता आहे. विधवांना शिकवावं, त्यांचं पुन्हा लग्न व्हावं, असं मानणाऱ्यांपैकी आहे. पुनर्विवाहाला कायद्यानं 1856 मध्ये मान्यता दिली होती, धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये स्वतः विधवेशी विवाह करून दाखवला होता, तरी समाजाच्या मनाचं दार अजून किलकिलंच होतं. अशा काळात गडकरी त्या दारातून आत शिरलेल्या माणसाच्या अंतःकरणात दिवा धरतात. उपकार करणाऱ्याला उपकृत माणसावर हक्क वाटू लागतो. आश्रय देणाऱ्याला वाटतं, हिनं माझंच व्हावं. मायेचं पांघरूण इतकं ऊबदार असतं की खाली काय वाढतंय ते पांघरणाऱ्यालाही दिसत नाही. आजही शिक्षक, आश्रयदाते, संस्थाचालक, गावचे पुढारी यांच्याबद्दल कुजबुज ऐकली की मला रामलाल आठवतो. त्याच्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे. रामलाल स्वतःला पकडतो. आपण कशाला माया म्हणत होतो आणि ते खरं काय होतं, हे तो स्वतःच्या तोंडानं कबूल करतो, आणि शरद-भगीरथाच्या वाटेतून बाजूला होतो. मला वाटतं, साऱ्या नाटकात दारूहून अवघड नशा कुणी सोडली असेल तर ती यानं. आणि एवढं करूनही मित्राला मात्र तो वाचवू शकत नाही.

भगीरथाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. प्रेमभंगानं दारूकडे गेलेला आणि रामलालच्या हातानं बाहेर आलेला हा तरुण. सुधाकर ज्या खड्ड्यात पडला त्याच खड्ड्यातून एकजण बाहेर येऊ शकतो, हे दाखवायला तो नाटकात हवा होता.

पद्माकर मात्र आमच्याकडच्या बायकांना चटकन कळेल. तो सिंधूचा भाऊ. मराठी मुलखात जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ज्यांनी गोळा केल्या, त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: बाई जात्यापाशी नवऱ्याचं नाव जितकं घेते त्याच्या कितीतरी पट भावाचं घेते. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीपासून सुरू करून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत भाऊ, माहेर, लेक, पंढरीचा विठ्ठल यांनी मोठी जागा व्यापली आहे. याचं कारण समजायला कठीण नाही. सासरी बाईला कुणी विचारणारा असलाच तर तो भाऊ. दिवाळीला तो न्यायला येणार, भाऊबीजेला साडी घेऊन येणार, आणि दुखलंखुपलं तर त्याच्याच दारात उभं राहायचं. ओवीत भावाचं कौतुक आहे तितकीच त्यात भीतीही आहे, भावजय आल्यावर हे दार बंद तर होणार नाही ना, याची.

पद्माकरचं दार बंद नाही. त्याच्याकडे पैसा आहे, माया आहे, बहिणीचे हाल पाहून पेटणारा राग आहे. सिंधूनं एकदा हाक मारली असती तर तो धावत आला असता. पण सिंधू हाक मारत नाही. माहेरचा पैसा घेतला तर नवऱ्याच्या मानाला धक्का लागेल, म्हणून ती दळण-कांडण करते, उपाशी राहते, ठिगळं लावते. भावाची माया दारात उभी असते आणि तिला उंबरठा ओलांडता येत नाही. ओवी गाणारी बाई जात्यापाशी बसून भावाला साद घालते. सिंधू त्याच जात्यापाशी बसून बाळाला आंजारते, नवऱ्याचं झाकते, आणि भावाला परत पाठवते. जातं तेच आहे, पण गडकऱ्यांनी जात्याचं सगळ्यात जुनं गाणं तिच्या ओठांवरून काढून घेतलंय, असं मला वाटत राहतं. त्या काळी प्रेक्षक सिंधूसाठी ढसढसा रडले. सुंदराबाई जाधव यांच्याकडून मिळालेल्या चालींत बालगंधर्वांनी ती पदं गायिली, तेव्हा त्या रडण्याला सूरही मिळाला. त्या रडण्यात खरी दया होती, याबद्दल मला शंका नाही. पण त्यात एक मान्यताही होती. बाईनं असंच सोसावं, सोसताना सुंदर दिसावं, ही.

आता गीताकडे येऊ. तिच्याबद्दल नेहमीच कमी लिहिलं जातं, आणि मला तिच्याचबद्दल जास्त लिहायचं आहे. गीता तळीरामाची बायको. नवरा पक्का दारूबाज, घरात दमडी नाही. सिंधूचं आणि तिचं दुःख एकच आहे. पण गीता बोलते. नवऱ्याच्या तोंडावर बोलते, त्याच्या सोबत्यांसमोर बोलते, जे दिसतं त्याला त्याच नावानं हाक मारते. तिच्या बोलण्याला धार आहे आणि म्हणून नाटकात तिला हास्याच्या बाजूला बसवलेलं आहे. प्रेक्षक गीताला हसतो आणि सिंधूसाठी रडतो. हीच विभागणी आपण घरातही करत आलो आहोत: भांडणारी बाई कजाग, सोसणारी बाई देवी.

गीताचं वेगळेपण नीट कळायला शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' आठवून पाहावं. आपल्या जुन्या नाट्यशास्त्राला रंगमंचावर मृत्यू दाखवणं मान्य नव्हतं. शोकांतिका आपल्याकडे रुजली ती मुख्यतः इंग्रजी नाटकांच्या वाचनातून. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं 1883 मध्ये, देवलांनी 'ऑथेल्लो'चं 'झुंझारराव' केलं 1890 मध्ये, आणि गडकऱ्यांच्या पिढीनं ही नाटकं पाहतच आपली लेखणी पाजळली. 'ऑथेल्लो'त कानात विष ओतणारा इयागो आहे, त्याची बायको एमिलिया आहे, आणि निष्पाप डेस्डिमोना आहे. 'एकच प्याला'त कानाशी लागणारा तळीराम आहे, त्याची बायको गीता आहे, आणि सिंधू आहे. दोन्हीकडे विष पेरणाऱ्याच्याच घरात खरं बोलणारी बाई राहते. हा योगायोग नसावा. असल्या माणसाला आतून ओळखते ती त्याच्याबरोबर चूल मांडणारीच. एमिलिया शेवटी नवऱ्याचं कपट सगळ्यांसमोर उघडं पाडते आणि त्यासाठी त्याच्याच हातून मरते. गीताला असा मोठा प्रवेश मिळत नाही. पण बोलण्याचा तिचा वारसा तोच आहे.

गीताचं तळीरामावर प्रेम होतं का? मला वाटतं, होतं. जिवाची आशा सुटली की माणूस भांडणं सोडून देतं. भांडते ती बाई अजून हिशेब मागते आहे, तू माझा आहेस आणि तू माझं देणं लागतोस, असं सांगते आहे. आमच्याकडे गावात नवऱ्याला चारचौघांत दटावणारी म्हातारी त्याच्या आजारपणात रात्रभर त्याच्या उशाशी बसलेली मी पाहिली आहे. तिच्या तोंडी गोड शब्द कधी आला नाही. मायेला गोड बोलावंच लागतं असा काही नियम नाही.

आणि गीता एकटी बोलली म्हणून हसण्यावारी गेली. महाराष्ट्रात पुढे गीतांचे गट झाले. गावातलं परवानाधारक दारूचं दुकान नको असेल तर महिला मतदारांनी अर्ज करायचा, मग मतदान व्हायचं, आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या चिन्हाला मत दिलं तर दुकान बंद, अशी तरतूद राज्यानं केली. उभी बाटली की आडवी बाटली, हा प्रचार बायकांनी डोक्यावर पदर घेऊन केला. ही तरतूद चोरट्या हातभट्टीला लागू पडत नाही आणि दुकान बंद झालं म्हणून घरातला नाद सुटतोच असंही नाही. पण स्वयंपाकघरात कोंडलेलं वाक्य चावडीवर आलं, आणि त्याला मतपत्रिकेचं वजन मिळालं. गीताला हे फार आवडलं असतं.

व्यसनाच्या उपचारात आज जे लोक काम करतात तेही घरच्यांना गीताच्याच वाटेनं नेऊ पाहतात. अमेरिकेत 1935 मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झाली. पिणाऱ्याच्या बायका-मुलांचंही एक दुखणं असतं हे लक्षात येऊन 1951 मध्ये त्यांच्यासाठी अल-ॲनॉन निघालं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तिथेही घरच्यांना सोबत घेण्यावर भर आहे. या सगळ्यांचं सांगणं ऐकताना सिंधू डोळ्यांसमोर येते. त्याची उधारी तुम्ही फेडू नका. त्याच्या कामावर खोटे निरोप पाठवू नका. त्यानं केलेलं नुकसान त्याला दिसण्याआधी झाडून टाकू नका. तुम्ही त्याच्यावर जीव लावा, पण त्याच्यासाठी खोटं बोलू नका. सिंधूला हे कुणी सांगितलं नाही. तिला जे सांगितलं गेलं होतं ते नेमकं उलट होतं, आणि ते तिनं मनापासून पाळलं.

म्हणून शेवटचा प्रवेश इतका जड जातो. मूल गेलेलं आहे. सिंधू घायाळ आहे. पोलीस आले आहेत, विचारणा होते आहे. पद्माकरच्या संतापाला आता आवर नाही. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सिंधू मात्र नवऱ्यावर ठपका येऊ देत नाही, जे झालं ते अपघातानं झालं असं भासवते, आणि जाते. डेस्डिमोनाही शेवटच्या श्वासाला असंच करते: हे कुणी केलं असं एमिलिया विचारते, तेव्हा ती नवऱ्याचं नाव न घेता दोष स्वतःवर ओढून घेते. दोन देशांतल्या, तीन शतकांच्या अंतरानं जन्मलेल्या दोन बायका मरताना एकच खोटं बोलतात. प्रेक्षागृहात त्या खोट्याला त्यागाचं शिखर मानतात. सरकारी दवाखान्यात तेच खोटं रोज केसपेपरवर लिहिलं जातं: न्हाणीत पाय घसरला, पायरीवरून पडले, म्हशीनं ढकललं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, पण कायद्यालाही आधी ते एक वाक्य लागतं.

सिंधूत दोन प्रेमं होती. एक बायकोचं, दुसरं आईचं. सारं नाटकभर ती दोन्ही एकाच जात्याच्या दोन तळ्यांसारखी एकमेकांवर फिरतात, आणि शेवटच्या क्षणी तिला त्यांतलं एक निवडावं लागतं. नाटक आपल्याला त्या निवडीपुढे हात जोडायला लावतं.

माझ्या आजीनं आयुष्यात नाटकगृह पाहिलं नव्हतं. तिची नाटकं म्हणजे म्हसोबाच्या यात्रेला म्हशाला जाताना तंबूतून ऐकू येणारा वग, आणि गावदेवीच्या जत्रेत पोरांनी केलेली सोंगं. जातं तिनं तरुणपणी ओढलं होतं, घरातल्या चौघांपैकी एकाला नाद होता, आणि त्याबद्दल ती कधी बोलली नाही. एका पावसाळ्यात मी तिला 'एकच प्याला'ची गोष्ट सांगितली, सगळी, शेवटापर्यंत. ती सुपात तांदूळ निवडत होती. सुधाकर पहिला प्याला घेतो तिथे ती नुसतीच हूं म्हणाली. सिंधू दळायला बसते तिथे हात थांबले. फौजदार येतो आणि सिंधू नवऱ्याला वाचवते, हे सांगताना माझाच आवाज दाटला, आणि मला वाटलं आता ती डोळ्यांना पदर लावील.

तिनं पदर लावला नाही. बराच वेळ सुपाकडे बघत राहिली आणि मग विचारलं, "आन त्या पोराच्या वतीनं कोन बोललं?"